बीचभोवतीचं आळं

इथे परदेशात, मिल्टनमध्ये रोज नव्या गल्ल्या उगवत होत्या तेव्हाची गोष्ट. नवऱ्याने घर घेतलं दोन गाड्यांच्या गॅरेजसाठी, मी मागच्या कुंपणालगतच्या बीचच्या झाडासाठी. बिल्डरने अख्खं रान भुईसपाट केलं, त्यातून तेवढं एक वाचलेलं. करडं, गुळगुळीत खोड, आणि वाळकी पानं हिवाळाभर न सोडण्याचा हट्ट. हट्टी माणसं मला सोसत नाहीत, झाडं आवडतात.

त्या उन्हाळ्यात सासरे आले. देवगडला जन्मभर हापूसची कलमं वाढवलेला माणूस. इथे कॉलिंग कार्ड संपेपर्यंत गावाशी बोलायचे, मग दिवसभर घरात एकटे. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर झाडाच्या खोडाभोवती चांगलं खोल आळं खणलेलं. बाबा घामाघूम आणि खूश.

"उपाशी होतं गो झाड. उद्या खत घालू."

मी आळ्यात डोकावले. बीचची मुळं उथळ, वरच्या मातीतच पसरतात. कितीतरी तुटली होती, उरलेली उघडी पडली होती.

नवऱ्याने मला किचनमध्ये ओढलं. "प्लीज, आज काही बोलू नकोस. ही विल फील टेरिबल. वीकेंडला मी हळूच मॅनेज करतो."

माझ्या वतीने भांडी आदळत होती. जेवताना बाबांनी विचारलं, "काय बिघडलं का?" आम्ही दोघांनी नकारार्थी माना हलवल्या. राग नवऱ्याचा जास्त आला होता की स्वतःचा, कोण जाणे.

सकाळी नवरा झोपलेला असतानाच मी हातांनी माती परत लोटायला बसले. मागे चहाचा कप घेऊन बाबा उभे. आता सांगणं भागच होतं.

"बाबा, याची मुळं वरच असतात. खणलं की तुटतात."

ते खाली बसले. एक मूळ चाचपून पाहिलं. कोरडं ठाक होतं. समजूत घालायला मी शब्द जुळवत होते.

"तुला हे काल दिसलं होतं?"

"हो."

"त्यालाही?"

मी मान डोलावली.

"आणि रात्रभर मुळं उघडी ठेवलीत?" त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "मला वाईट वाटलं असतं, इतकंच ना? तरी जेवून झोपलो असतो मी."

कप गवतावर ठेवून ते दोन्ही हातांनी माती ओढू लागले. मी पुढे झाले, तर वर न बघता म्हणाले, "तू पाणी आण. आणि त्याला उठव."