देशोदेशीचं भ्या

माझ्या थोरल्या नणंदेइतकं मन लावून घाबरणारं माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही. आपण सगळेच घाबरतो, पण उरकून टाकल्यासारखं. वन्सं घाबरतात त्या सकाळी उठून, तोंड धुऊन, पदर खोचून. फोन वाजला तर वाईट बातमी, नाही वाजला तर त्याहून वाईट. वीज, साप, घाटातली एसटी, आमच्या मारुंजीच्या सोसायटीतली लिफ्ट, सगळ्याला त्यांच्या काळजात राखीव जागा आहे. एकदा त्या नऊ मजले जिन्याने चढून आमच्याकडे आल्या आणि उतरताना गरगरेल या धास्तीने चार दिवस मुक्कामाला राहिल्या.

मी लातूरची. लग्नानंतर पहिल्यांदा कोळवणला त्यांच्या घरी गेले आणि उंबऱ्यावरच किंचाळले. चौकटीला रंगीत कागदाचे सांगाडे लटकत होते, दात काढून हसणारे. मेक्सिकोत म्हणे मेलेल्यांच्या सणाला असे कातरून टांगतात. दूध न्यायला येणारा माणूस ते पाहून किटली टाकून पळाला होता. पडवीच्या दोरीला विजेसारख्या नागमोडी दुमडलेल्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्या जपानी देवळांतल्या, इथे वीज पडू नये म्हणून. खिडकीवर चिनी पद्धतीचं लाल कातरकाम. हे सगळं वन्संनी मोबाइलवर बघून शिकलेलं. कागद शेजारच्या शेतघराच्या पुणेकर मालकीणबाईंच्या जुन्या मासिकांतून आलेला. घरातले फोटोही त्या एका जाडजूड वहीत चिकटवायच्या, प्रत्येकाभोवती कुठल्या ना कुठल्या मुलखाची नक्षी. दाजींच्या फोटोभोवती पोलंडचे कागदी कोंबडे होते, कारण दाजी उशिरा उठतात.

"वन्संऽ, एवढ्या लांबलांबचं कशाला?" मी विचारलं.

"आगं, तितल्या बायांना बी भ्या वाटत आसंलच की," त्या कात्री न थांबवता म्हणाल्या. "उगा न्हाई त्यांनी कागद कातरला. आपल्या भ्याला आपला एकलाच कागद कसा पुरंल?"

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वाडीतलं एक कुत्रं बिबट्याने उचललं. वन्संचं जेवण सुटलं. दाराला लावायला बिबट्या कातरायचा त्यांनी ठरवलं, पण विकतच्या कागदाचा त्याला धाक बसायचा नाही असं त्यांच्या मनाने घेतलं. मेक्सिकोतले डोंगरातले लोक झाडाची साल कुटून कागद करतात, तसा केळीच्या खोडाचा करायचा. केळी ओढ्याच्या काठाला. एकटीने जायची छाती नाही, म्हणून भर दुपारी मला बरोबर घेतलं.

मी वाकून पडलेल्या खोडाची सोपटं, एकावर एक बसलेल्या जाड साली, ओढून काढत होते. मधेच पाखरं गप्प झाली. मान वर केली तर समोरच्या बांधावर तो बसलेला. मांजरासारखा, पुढचे पाय जुळवून. एवढ्या जवळ की त्याच्या मिशा दिसत होत्या. मी सोपटं हातात धरून तशीच वाकून राहिले. तो उठला. एक पाऊल खाली उतरला.

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरून मला मागे खेचलं आणि वन्संची पाठ माझ्यासमोर आली. ती पाठ थरथरत होती. पोलकं घामाने भिजलं होतं.

"जा बाबा," त्या म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता, तरी बोलत होत्या. "आमी कागद करतोय. तुझं काय बी घेत न्हाई. ही दुसऱ्याची लेक हाय, लांबून आलीया. जा तू."

मी त्यांच्या पदराचा बोळा मुठीत धरला होता. बिबट्या किती वेळ बघत होता, देव जाणे. मग त्याने तोंड फिरवलं आणि घाणेरीच्या झुडपात शिरला. पान हललं नाही. वन्सं उभ्याच्या उभ्या चिखलात बसल्या आणि त्यांचे दात कडाकडा वाजू लागले. माझ्या हाका ऐकून दाजी धावत आले, त्यांनी आम्हा दोघींना हाताला धरून घरी नेलं. दोन दिवस वन्संना ताप होता. तापात त्या नुसत्या "गेला का? गेला का?" विचारत होत्या.

बिबट्या पुन्हा दिसला नाही, पण वन्संचं भ्या काही कमी झालं नाही. उलट त्यात माझ्या जाण्यायेण्याची भर पडली. मी मारुंजीला पोचले की फोन केल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नाहीत.

परवा त्यांनी वहीतलं नवं पान दाखवलं. केळीचा कागद शेवटी झाला होता, जाडाभरडा, मातकट. त्यावर एका कडेला ठिपक्याठिपक्यांचा बिबट्या, दुसऱ्या कडेला वारली बायांसारखी दोन त्रिकोणांची मी, हातात सोपटं.

"आणि तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

"मी कुटं?" वन्संना खरंच कळेना. "मला काय दिसलं तितं? मी तर डोळं मिटून घ्येतलं हुतं."

बिबट्याच्या आणि माझ्या मधे तळहाताएवढी जागा कोरी होती. मी तिथे हात ठेवला. कागद खरबरीत होता, खळीने अजून जरा ओलसर.