मिंबाचं दूध

उसाच्या मळ्यावर गुलाम असलेल्या बेनेबाची दोन मुलं आधीच गेली होती. पहिलं जन्मल्यावर चारच दिवसांत धनुर्वाताने गेलं. दुसरा चांगला बाळसेदार होता. पण तेव्हाच्या गोऱ्या साहेबाच्या हुकमाने त्याचं अंगावरचं दूध लवकर तोडलं, पोरांच्या झोपडीत मक्याच्या पेजेवर ठेवला, आणि पहिल्याच पावसाळ्यात हगवणीने तो सुकून गेला. म्हणून मिंबा झाली तेव्हा बेनेबाने तिला पाठीवरून खाली म्हणून ठेवली नाही. उसाच्या फडात कोयता चालायचा आणि पाठीला बांधलेली मिंबा तिचे केस ओढत बसायची.

त्या हंगामात मळ्यावर प्रिंगल नावाचा नवा साहेब आला. बायका पोरांना पाजायला बसतात आणि तोड मागे पडते, हे त्याच्या डोळ्यांत खुपलं. उभं राहू लागलेल्या प्रत्येक पोराचं दूध तोडायचं आणि त्याला पोरं सांभाळणाऱ्या क्वाशेबा म्हातारीच्या झोपडीत ठेवायचं, असं त्याने ठरवलं. निरोप घेऊन मुकादम क्वाको आला. तोही गुलामच, फक्त हातात चाबूक असलेला.

"बेनेबा, उद्यापासून पोरगी म्हातारीकडे."

"एक ठेवून बघितलाय," बेनेबा म्हणाली. "तूच खड्डा खणला होतास ना त्याचा?"

क्वाकोने मान खाली घातली. साहेब आपलीही पाठ सोलेल, एवढंच पुटपुटून तो गेला.

सकाळी बेनेबा मिंबाला पाठीवर घेऊनच फडात आली. प्रिंगलने पोर हिसकावून घ्यायला लावली आणि बेनेबाचे पाय लाकडी खोड्यात अडकवले. दुपारपर्यंत तिची छाती दगडासारखी ताठली, पान्हा फुटून अंगातलं कापड भिजलं. म्हातारीच्या झोपडीतून मिंबाचं रडणं तिला ऐकू येत होतं. ते फडातही ऐकू जात होतं.

तोडीच्या रांगेतल्या जूबाने सगळ्यांत आधी कोयता खाली ठेवला. तिच्या अंगावरही तान्हं होतं. ती सरीतच बसली, मग तिच्या शेजारची बसली, आणि बघता बघता सगळी रांग खाली बसली. क्वाकोने चाबूक उचलला, रांगेवरून नजर फिरवली आणि परत खाली केला. प्रिंगल घोड्यावरून आला. त्याने जूबाला खांबाला बांधून फोडून काढलं. बाकीच्या बसल्या त्या बसल्याच. पाठीतून रक्त येत असताना जूबा त्याला म्हणाली, "तिचे पाय सोडा, साहेब, तिची पोर तिला द्या. मग तोडतो ऊस."

चरक थांबला होता. आदल्या दिवशी तोडलेला ऊस वाहून न्यायला कोणी नव्हतं, तो उन्हात पडून आंबायला लागला होता. काहिलींवरचा गोरा कारागीर धावत आला, म्हणाला, आणखी थोडं असंच चाललं तर याचा रस फेकूनच द्यावा लागेल. मालकाचा कारभारीही दोन दिवसांत यायचा होता. प्रिंगलने शिव्या हासडल्या आणि खोडा उघडायला सांगितला. हुकूम मागे घेतला असं तो कधीच म्हणाला नाही. फक्त पुन्हा तो विषय काढला नाही.

बेनेबाला उभं राहवेना. क्वाशेबाने मिंबाला तिच्या मांडीवर आणून दिलं. पोर तुटून पडली. ताठलेली छाती इतकी दुखत होती की बेनेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने तिला दूर केलं नाही.

मग ती लंगडत जूबाच्या झोपडीत गेली. जूबा पालथी पडून कण्हत होती, कोपऱ्यात तिचं तान्हं भुकेने किरकिरत होतं.

"घेते गं मी त्याला," बेनेबा म्हणाली. "मला पुष्कळ आहे आज."

जूबाची पाठ भरून येईपर्यंत दोन्ही लेकरं बेनेबाच्याच अंगावर राहिली. खोड्यात आवळलेला बेनेबाचा डावा पाय मात्र कायमचा अधू झाला.

पुढे सगळ्या गुलामांची सुटका झाली तेव्हा मिंबा वयात आली होती. मायलेकींनी मळा सोडला, डोंगरात जागा धरली, कोनफळं लावली. बेनेबा पुन्हा कधी उसाच्या फडात गेली नाही. तुझा पाय कशाने गेला, असं मिंबाने विचारलं की ती म्हणायची, "तुझ्या हावरटपणाने," आणि पुढची सगळी गोष्ट जवळच राहणाऱ्या जूबाला सांगायला लावायची.