वाळूवर बसलेला म्हातारा

पास्कू गेल्याचं मला विक्रांतच्या पोस्टवरून कळलं. 'माझ्या गेमच्या कामात मदत करणारा मालवणचा एक गुणी मुलगा आज आपल्यात नाही...' आणि खाली हात जोडलेलं चित्र. कावीळ अंगावर काढलेला माझा मित्र देवळीसारख्या त्याच्या खोलीत निजलेला होता, आणि मदत करणारा मुलगा! मी कणकवलीहून मालवणला पोचेपर्यंत त्या एका शब्दावर दात खात होतो. आज महिने लोटले, तरी खातोच आहे.

तो गेम पास्कूचा होता. रापणीचा गेम. समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरी ओढायची आणि मासळी वाटून घ्यायची. पास्कूनं तो पडवीत बसून एकट्यानं बनवला. पुण्याच्या विक्रांतनं फक्त तो विकायचं काम घेतलं होतं, आणि गेम बाजारात आला तेव्हा त्यावर नाव एकच होतं, विक्रांतचं. मी वकील गाठू म्हणालो तर पास्कू हसला. "जांवदे रे. दर्यात मासे खूप आसत." असा भला माणूस मित्र असला की सूड घ्यायचं काम आपल्याच गळ्यात पडतं.

त्याची काम करायची रीत वेगळी होती. तो कोड वाचत बसत नसे. गेम इंजिनला त्यानं एआयचं टूल जोडलं होतं. गेम चालू असतानाच होडीला, जाळ्याला, माणसाला बोट लावायचं आणि विचारायचं, तुझं वजन किती, वेग किती, तू कशाला बांधलेली आहेस? टूल त्या क्षणाचं उत्तर देई. मी कॉलेजात संगणक शिकवतो, मला ही घाई वाटे. तो म्हणे, "निजलेल्याक काय इचारतंस? धावता आसताना इचार." असंच एकदा त्यानं मला पडद्याबाहेरची वाळू दाखवली. तिथे एक म्हातारा बसलेला होता. खेळणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. ते पास्कूचे पप्पा. अर्धांगवायूनंतर त्यांना ओढता येत नसे, तरी रापणीच्या वेळी ते वाळूवर बसून दोरीवर हात ठेवत आणि गाव त्यांना वाटा देई. 'हात लावलो तेचो वाटो' ही आमच्याकडची जुनी रीत. पास्कूनं दोरीचं शेवटचं टोक त्या म्हाताऱ्यालाच बांधून ठेवलं होतं.

म्हणून पास्कू गेल्यावर मी विक्रांतला आमच्या कॉलेजात सत्काराला बोलावलं. शाल आणि श्रीफळ मी स्वतः निवडलं. पहिल्या रांगेत पास्कूची आई, रोझीमाय, बसली होती. विक्रांतनं पडद्यावर गेम चालवला, टाळ्या घेतल्या. मग मी नम्रपणे उठलो. "सर, सगळ्यांना मासळी वाटल्यावर एक वाटा कमी का पडतो?" तो गोंधळला. त्यानं टूलला विचारलं, तर पडद्यावर उत्तर उमटलं... 'वस्तू: पप्पा. हात दोरीवर: होय. वाटा: एक.' विक्रांत हसून म्हणाला, "हे जुनं टेस्टिंगचं काहीतरी राहिलंय. काढून टाकू." ही वस्तू दोरीला बांधलेली आहे, असं टूलनं बजावलं, पण घाईत त्यानं ते वाचलं नाही. मी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. त्यानं म्हाताऱ्याला पुसलं आणि दोरी सैल पडली. जाळं मासळीसकट खोल समुद्रात निघालं आणि किनाऱ्यावरची माणसं रिकाम्या हातांनी हवा ओढत राहिली. विक्रांत बटणं दाबत होता, पण स्वतःचा गेम त्याला सावरता येईना. पहिल्या रांगेतून रोझीमाय बोलली, शांतपणे. "माज्या घोवाक काडलंस मां? आता ओढ."

मुलांनी काढलेला व्हिडिओ गावोगाव फिरला. पंधरवड्यात गेमवर पास्कूचं नाव आलं, पहिलं. लोक मला सांगतात, आता सोड, मरणाबरोबर वैर संपतं. संपत असेल, मेलेल्याशी असलेलं. विक्रांत जिवंत आहे.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून रोझीमाय घरी येते आणि मला पास्कूच्या टेबलाशी बसवते. त्याच्या लॅपटॉपवर मूळ गेम आहे. मी तो चालू करतो. पप्पांच्या शेजारी मी पास्कूला बसवलंय, दोरीवर हात ठेवून. थोडं मागे, कोरड्या वाळूत, विक्रांतला उभं केलंय. माय आधी नवऱ्याचं विचारायला लावते, मग मुलाचं. दोघांना एकेक वाटा. मग ती खुर्ची पुढे ओढते.

"आता त्या मागच्याक इचार."

'हात दोरीवर: नाही. वाटा: शून्य.'

माय गळ्यातला क्रूस सारखा करते, पडद्याकडे बघत राहते.

"परत इचार," म्हणते.