स्टँडशेजारचं पार्किंग

मी दिंद्रुडहून एसटीने बीडला जाऊन पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. कॉलेज सुटलं की गावची गाडी लागेपर्यंत स्टँडच्या बाकावर वाचत बसायचो. त्या बाकाचे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून नोकरी लागल्यावर तालुक्याच्या गावी, स्टँडच्या भिंतीला लागूनच, खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका बांधायची ठरवली. खाली मुली, वर मुलं. वडील गवंडी. वस्तीतले त्यांचे जोडीदार दर रविवारी कामाला येणार होते.

नगरपालिकेतून नकाशा नामंजूर होऊन परत आला. त्यात पार्किंग नव्हतं.

"साहेब, इथं येणारं एकही लेकरू गाडीवर येत नाही. स्टँड वीस पावलांवर आहे," मी परवानगी देणाऱ्या अभियंत्याला म्हणालो.

"नियम आहे, सर. स्टँडजवळ बांधा नाहीतर डोंगरावर. इतक्या चौरस फुटांना इतक्या गाड्या." मग आवाज खाली आणून, माझं भलंच करत असल्यासारखा म्हणाला, "नकाशात दाखवा हो. बांधकाम पुरं झाल्याचा दाखला हातात पडला की शटर टाका. सगळेच टाकतात."

खरंच सगळे टाकतात. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीच्या नकाशात पार्किंग आहे आणि प्रत्यक्षात तिथं साड्या, मोबाइल आणि भेळ विकली जाते. हा गृहस्थ रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जातो. दिसत असून न बघण्याचा पगार घेणाऱ्या या माणसाला आम्ही वाकून साहेब म्हणतो.

मी मात्र शिकलेला मूर्ख. खोटं दाखवायचं नाही म्हणून खालचा मजला खरोखरच गाड्यांसाठी सोडला, पांढरे पट्टे ओढले. वर एकच खोली उरली. तिथं मुलांमध्ये बसायला घरचे मुलींना सोडेनात. मुली स्टँडच्या बाकावर गेल्या, मी बीडला बसायचो तशाच.

"लई शिकलास," वडील म्हणाले. "पोरींची जागा गाड्यांला दिलीस. कशापायी?"



खाली एकच गाडी लागू लागली. अभियंत्याची. सावली चांगली होती ना!

एका सकाळी वडिलांनी स्टँडवर जाऊन मुलींना बोलावून आणलं आणि पट्ट्यांच्या मधोमध सतरंज्या अंथरल्या. थोड्या वेळात साहेबांची गाडी आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"ओ मिस्त्री, हे पार्किंग आहे!"

"हाय की. न्हाई कोण म्हनतंय?" वडील जागचे हलले नाहीत. "तुमची गाडीबी नकाशातच दाखवा, सायेब. सगळेच दाखवत्यात."

एक मुलगी खुदकन हसली. बाकीच्यांनी मान वर केली नाही. गाडी रिव्हर्स गेली.

चार दिवसांनी पार्किंगच्या गैरवापराची नोटीस आली. मी ती उलटी करून खालच्या भिंतीवर चिकटवली. तिच्या कोऱ्या बाजूवर मुलींनी आपापल्या एसटीच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत.