पिस्ता रंगाची स्कूटर

बाबांची स्कूटर पिस्ता रंगाची होती. ते गेल्यावर ती अंगणात गंजत पडली, आणि मीच इथून, इंग्लंडातून, फोनवर म्हटलं, काढून टाका आता. आईनं ती भंगारवाल्याला दिली, पण मला काही माफ केलं नाही. म्हणून गेल्या वर्षी ती सहा महिने लीड्सला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी ठरवलं की वीतभर मॉडेल का होईना, परत जाताना ती स्कूटर घेऊनच जाईल.

मॉडेलं करणं हा माझा जुना छंद. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून घरामागच्या शेडमध्ये बसलं की डोकं शांत होतं. स्प्रेचं तंत्र मला तोंडपाठ आहे. कॅन आधी कोमट पाण्यात ठेवायचा, प्रायमरचं अस्तर मारायचं, मग वीतभर लांबून रंगाचे हलके हलके थर द्यायचे आणि दोन थरांमध्ये अजिबात घाई करायची नाही. शेडमध्ये फार दमट, म्हणून वाळायला मी मॉडेल किचनच्या खिडकीत ठेवायचे.

तरी रंग फसला. मागच्या सीटखाली, दोन्ही बाजूंना, धिरड्याला पडते तशी जाळी. घासून काढला, पुन्हा मारला, पुन्हा तिथेच जाळी. तिसऱ्यांदा मी कॅनच भिरकावला. आईच्या फ्लाइटला जेमतेम आठवडा उरला होता.

मग एका सकाळी उलगडा झाला. आईनं केसांना खोबरेल लावलं (बाटली खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर असायची, नाहीतर तेल थिजतं) आणि त्याच हातांनी स्कूटर उचलून ती मागची सीट बघत बसली. बाबांच्या मागे ती कितीतरी वर्षं तिथेच बसली होती. पण हे मला तेव्हा कुठलं सुचायला! मी ताडताड बोलले. तेलकट हात, तेलावर रंग धरत नाही, माझी मेहनत, हात न लावता बघता येत नाही का, सगळं काढलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

त्यानंतर खिडकीजवळून जाताना ती हात मागे बांधून जायची. मला दिसत होतं, पण माघार घेणं माझ्या रक्तातच नाही. मॉडेल भांड्यांच्या साबणानं धुतलं, पुन्हा पहिल्यापासून रंगवलं. या खेपेला रंग असा बसला की काय सांगू, कुठे नाव ठेवायला जागा नाही.

निघायच्या दिवशी बॅगा दारात होत्या. मी स्कूटर तिच्यासमोर धरली. ती आधी सिंकपाशी गेली, दोनदा साबण लावून हात धुतले, नॅपकिनला पुसून कोरडे केले आणि माझ्यासमोर येऊन नुसती उभी राहिली.

"आता लावू का गं हात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटचा थर आदल्या दिवशीच दिला होता. तो अजून पुरता वाळला नव्हता, ठसे उमटणार हे मला पक्कं माहीत होतं.

"लाव," मी म्हटलं, "चांगली घट्ट धर."