शेंदराखालचा माणूस

ये गं, अशी जवळ बस. कालपासून नदीकाठी देवळं न् दगड बघत हिंडतेस, आणि घरातल्या म्हातारीला काही विचारायचं सुचलं नाही तुला? माझे गुडघे गेलेत, तोंड नाही गेलं.

उल्हास नदीच्या काठी, धुणं धुतात तिथं शेंदराची आई आहे ना, तिच्या आत काय आहे ते मी पाहिलंय. लग्न होऊन दहिवलीत आले, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. माझ्या थोरल्या जाऊबाईंना मूल नव्हतं. दर चैत्रात सासूबाई त्यांना आईची ओटी भरायला न्यायच्या. खण, नारळ, तांदूळ. जाऊबाई ओटी भरायच्या, घरी येऊन चुलीपुढं बसायच्या.

त्या वर्षी आम्ही तिघी गेलो, तर काठावर ही गर्दी. उन्हानं तडकून शेंदराचं जाड कवच गळून पडलेलं. आईनं खोळ टाकली म्हणून माणसं हात जोडून उभी. आतला दगड कोरीव निघाला. ढाल-तलवार घेतलेला पुरुष, शेजारी गाई, आणि खालच्या पट्टीत तोच मरून आडवा पडलेला. शाळेतले गुरुजी म्हणाले, "वीरगळ आहे हा. गावच्या गाई सोडवताना कामी आला असेल कुणी, फार जुन्या काळी."

जाऊबाई बघतच राहिल्या. मग तिथंच खाली बसून सासूबाईंना म्हणाल्या,

"आत्याबाई, हा तर बाप्या हाय. त्याची कसली वटी भरू?"

मागून एक चुलत सासू म्हणाली, "भर गं, त्याला तरी पोर व्हईल."

दोघी-चौघी हसल्या. जाऊबाईंनी मान वर केली नाही. "दमले मी, आत्याबाई. आता नाय व्हत माझ्यानं."

मला वाटलं, सासूबाई आता चारचौघांत त्यांना फाडून खाणार. पण सासूबाईंनीच वाकून खण-नारळ उचलला, आपल्याच पदरात घेतला. "चल घरी. सकाळधरनं उपाशी हायस."

त्या नारळाची चटणी झाली. पुन्हा कधी त्यांना ओटीला नेलं नाही.

गावानं लगेच नवा शेंदूर चढवला, चांदीचे डोळे बसवले. कुणाला काय बोलायचं, लोकांना आई लागते. जाऊबाई आता पलीकडच्या खोलीत पडून असतात, मीही फार उठत नाही. आम्ही दोघी आहोत तोवर ये गं पुन्हा. फार दिवस लावू नकोस.