मुनवर मशीनवाल्याची व्हॅन

भूमच्या बाजारपेठेत मुनवरला सगळे मशीनवाला म्हणतात. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. सोनारी, परंडा, पाथरूड, कुठंही कुणाच्या मशीनचा टाका सुटायला लागला की याला फोन जातो, आणि हा पत्र्याची पेटी मोटरसायकलला बांधून निघतो. चाक एकदा फिरवून कान लावला की कुठं दुखतंय ते त्याला कळतं. बायाबापड्या म्हणतात, मुनवरभाई मशीनची नाडी बघतात.

घरात मात्र हाच माणूस जरा कुठं काही वाजलं की दचकतो. भांडं पडलं, दार आपटलं, की आधी आतल्या खोलीकडं बघतो. आतल्या खोलीत अलिजा असते.

अलिजा त्याची एकुलती एक लेक, पंधरा वर्षांची. तिची हाडं जन्मापासून ठिसूळ. आठ महिन्यांची असताना झबलं घालताना हात मोडला, तेव्हा कुठं घरच्यांना कळलं. त्यानंतर आजवर तेरा वेळा हाड मोडलं. पोरगी बुद्धीनं तल्लख, घरी बसून दहावीचा अभ्यास करते, गणितात बापाला हरवते. दर तीन महिन्यांनी तिला सोलापूरला न्यावं लागतं. तिथं दिवसभर सलाईनमधून औषध देतात, त्यानं हाडांना थोडा जोर येतो. भूम ते सोलापूर शंभरेक किलोमीटर. त्यासाठी मुनवरनं जुनी व्हॅन घेतली, मधलं सीट काढून तिथं कापसाची गादी घातली. अलिजा आडवी, तिची आई निखत शेजारी बसलेली, आणि स्टेअरिंगवर मुनवर.

तेरापैकी तीन हाडं त्या व्हॅनमध्ये मोडली होती. हा हिशेब घरात कुणी बोलून दाखवत नसे. मुनवरला तो पाठ होता.

त्यातलं तिसरं हाड गेलं ते डिसेंबरात. त्याच्या आधी व्हॅनचे पुढचे दोन्ही शॉकअप गळायला लागले होते. चाकाला दणका बसला की स्प्रिंग तो झेलते, आणि स्प्रिंगच्या पोटातल्या शॉकअपच्या नळीतलं तेल तिला नाचू देत नाही. ते तेल गळालं की गाडी होडीसारखी डुलते. गावातल्या एका गॅरेजवाल्यानं नळ्या उघडून त्यात जाड तेल भरून दिलं. "आता बघा, रणगाड्यासारखी चालंल," म्हणाला. चालली खरी तशीच. प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर यायला लागला. सोलापूरहून परतताना वैरागच्या पुढं एक गतिरोधक आला. मुनवरनं गाडी अगदी मुंगीच्या चालीनं वर चढवली, तरी उतरताना खाडकन दणका बसला. मागून अलिजाचा बारीक आवाज आला.

"अब्बा, हासळीचं हाड गेलं वाटतं."

गळ्याखालचं हाड मोडूनही ती रडली नाही. घरी येईपर्यंत आईचं बोट धरून पडून राहिली.

पुढची तारीख मार्चमधल्या गुरुवारची होती. मुनवर पुन्हा गॅरेजवर गेला. गॅरेजवाला वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याकडं ऊस तोडणाऱ्यांच्या, भाजीवाल्यांच्या गाड्या येत. दणकटपणाला तो चांगलं काम समजे. "नवीन जोडी टाकली तरी थोडी कडकच येणार," तो म्हणाला. "लईच मऊ पाहिजे तर गादी वाढवा." मुनवरनं स्प्रिंग दाबून धरायचे दोन लोखंडी आकडे त्याच्याकडून काही दिवसांसाठी मागून आणले.

त्यानंतर मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं ती नळी समजून घेतली. आत एक दट्ट्या असतो, त्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून जातं. तेल जाड असेल तर सावकाश जातं आणि गाडी कडक लागते. पातळ असेल तर चटकन जातं आणि गाडी मऊ. फार पातळ झालं तर स्प्रिंगला लगाम राहत नाही. एवढं कळल्यावर त्याला वाटलं, हे आपल्याला जमेल. सुई आणि धाग्याचा ताण जुळवण्यात आपली हयात गेली.

रविवारी सकाळी अंगणात त्यानं व्हॅन जॅकवर चढवली, चाकांच्या मागंपुढं दगड लावले आणि डावा शॉकअप स्प्रिंगसकट खाली काढला. इथवर सगळं सरळ झालं. नळी उघडायची तर आधी स्प्रिंग दाबून धरावी लागते. त्यानं दोन्ही बाजूंना आकडे अडकवले आणि बोल्ट आवळायला घेतले. मशीनच्या स्प्रिंगा चिमटीत मावणाऱ्या. ही बोटाएवढ्या जाडीच्या वेटोळ्यांची. आवळताना ती कुरकुरत होती. मुनवरच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. पुसायला त्यानं मान वळवली, आणि त्याच घडीला एक आकडा निसटला.

काय झालं ते त्याला दिसलंच नाही. कानाशेजारून वारा गेला आणि न्हाणीच्या पत्र्याच्या दारात मोठा आवाज झाला. बघतो तर आकडा पत्रा फाडून अर्धा आत गेलेला, आणि स्प्रिंग वेडीवाकडी होऊन अंगणात घरंगळत होती.

निखत धावत बाहेर आली. तिनं दार बघितलं, मग नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. रक्त नव्हतं. तेव्हा कुठं तिला आवाज फुटला.

"बास करा हे. आत्ताच्या आत्ता बास करा."

"निसटलं जरा. आकडे सारखे बसले नव्हते."

"तुमच्या डोक्यात बसला असता म्हणजे? पोरीला उचलायचं कसं, ते तुमच्याशिवाय कुणाला जमतं? मला तरी जमतं का?"

अलिजाला उचलताना कुठला हात कुठं घालायचा, मानेला किती आधार द्यायचा, हे मुनवरच्याच हातांना माहीत होतं. तो पायरीवर बसला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला. आतून अलिजानं दोनदा हाक मारली, "अब्बा, काय पडलं?"

आवाज ऐकून शेजारचे ज्ञानोबा आले. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांनी दार बघितलं, स्प्रिंग बघितली, आणि धोतराचा सोगा खोचत खाली बसले.

"एकट्यानं करत होतास व्हय?"

"दुसऱ्याचा जीव कशाला घालू, तात्या?"

"म्हणून सवताचा घातलास. आरं, डेपोत आमी स्प्रिंगला हात लावायच्या आधी तिला साखळीनं बांधायचो. सुटली तरी लांब जाती कुठं? आकडे समोरासमोर पायजेत. बोल्टला दोन आटे हिकडं, दोन आटे तिकडं. आन् तोंड बाजूला." मग ते निखतकडं वळले. "सूनबाई, म्या हितं बसतो. उद्या करू, आज न्हाय. आज ह्याच्या हाताला दम न्हाय."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याकडून दुसरी स्प्रिंग आणि दुसरा आकडा आला, ज्ञानोबांची ट्रॅक्टरची साखळी आली, आणि निखत दारात उभी राहिली. काम होईस्तोवर ती तिथून हलली नाही.

या वेळी स्प्रिंग मुकाट दबली. नळी उघडली तेव्हा आतून काळं, काकवीसारखं तेल आलं. मुनवरनं नळी धुतली, नवीन सील बसवलं, मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये घालतात तसलं पातळ तेल मोजून ओतलं. तसाच उजवाही केला. तीन दिवस त्यात गेले.

आता बघायचं कसं? आत कुणाला झोपवून? मुनवर म्हणाला, "तात्या, गाडी तुम्ही चालवा. मी मागं झोपतो."

पाथरूडच्या रस्त्याला ज्ञानोबांनी गाडी घातली. मुनवर लेकीच्या गादीवर, लेकीसारखाच उताणा पडला. इतक्या वर्षांत तो तिथं कधी झोपला नव्हता. पहिल्या खड्ड्यालाच त्याला कळलं की आडव्या माणसाला रस्ता दिसत नाही. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, अंग तयार होतं. इथं दणका न सांगता येतो. त्याला डिसेंबरचा गतिरोधक आठवला.

"कसं वाटतंय?" ज्ञानोबांनी विचारलं.

"मऊ आहे. पण थांबतच नाही, हलतच राहती."

"ब्रेक मारला की नाक बी लई खाली घालती. अशी गाडी म्या रस्त्याला काढू देणार न्हाय."

पुन्हा सगळं खोललं. थोडं जाड तेल मिसळलं. पुन्हा पाथरूड. पुन्हा खोललं. तिसऱ्या खेपेला ज्ञानोबांनी जोरात ब्रेक मारून बघितला, खड्ड्यातून गाडी काढली, आणि मान डोलावली. मुनवर मागं डोळे मिटून पडला होता. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि गप झाली.

त्या संध्याकाळी त्यानं अलिजाला विचारलं, "तुला खड्डा आलेला कसा कळतो गं?"

"तुमच्या खांद्यांवरनं. खांदे वर गेले की मी दात दाबून धरते."

पुढच्या आठवड्यात, तारखेच्या गुरुवारी उजाडताच ते निघाले. मुनवरनं ठरवलं होतं, खांदे वर जाऊ द्यायचे नाहीत. पण बार्शीच्या अलीकडं पुढच्या बाजूनं आवाज यायला लागला. टक. टक. प्रत्येक वळणाला टक. मुनवर आठवू लागला. शॉकअपचा वरचा नट? सील? काय विसरलो आपण? गाडी बाजूला घेऊन तो चाकाखाली शिरला. डाव्या बाजूचा ब्रेकचा पाईप ज्या पट्टीला बसतो, तिचा बोल्ट ढिला राहिला होता. पाईप चाकाला घासायच्या बेतात होता.

त्यानं बोल्ट आवळला, मग दोन्ही बाजूचा प्रत्येक बोल्ट पान्यानं पुन्हा तपासला. ब्रेक गेले असते तर? गाडीत दोघी होत्या. आपल्या हातावर आपण विश्वास ठेवला, त्याची त्याला भीती वाटली.

"काय होतं?" निखतनं विचारलं.

"बोल्ट ढिला होता. माझ्याकडनंच राहिला."

"आता झाला ना घट्ट? चला मग, तारीख चुकंल."

वैराग जवळ आलं. तो गतिरोधक लांबूनच दिसला. मुनवरनं गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. खांदे वर गेलेच. पुढची चाकं चढली, उतरली. गाडी मऊ खाली बसली आणि स्थिर झाली. मागची चाकंही तशीच गेली. तो वाट बघत राहिला. मागून आवाज नाही. शब्द नाही.

"अलिजा? निखत, बोलत का नाही ती?"

"हळू बोला," निखत कुजबुजली. "झोपलीय."

अलिजा आजवर व्हॅनमध्ये कधी झोपली नव्हती. मुनवरनं आरसा खाली वळवून बघितलं. तोंड थोडं उघडं, हात गादीवर सैल पडलेला. सोलापूर येईस्तोवर त्यानं आरसा परत सरळ केला नाही, आणि निखत त्याला सारखी "पुढं बघा, पुढं बघा" म्हणत राहिली.

दवाखान्यात हाडांचे फोटो काढले. नवीन काही मोडलेलं नव्हतं. हासळी जुळत आली होती.

परतताना बार्शी सोडल्यावर अलिजानं हट्ट धरला, बसून यायचंय. मुनवर नको म्हणाला. मग थोड्या वेळानं त्यानंच गाडी थांबवली, तिला उचलून उशांच्या आधारानं खिडकीशी बसवलं. करडईची पिवळी रानं मागं पळत होती. एक म्हैस रस्त्याच्या कडेला उभी होती, तिच्याकडं बघून अलिजा उगाचच हसली.

मुनवर वीसच्या वर गेला नाही. मागचा एक ट्रक हॉर्न मारून मारून थकला आणि शेवटी बाजूनं निघून गेला.